तुळजक्का आणि पाठमोरे हेडमास्तर

तुळजक्का माणसाकडे बघायची ती आधी त्याच्या नाकाकडे. मी लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळूरला आले त्याच संध्याकाळी शेजारच्या दारातून एक बुटकी, गोरी बाई आली. गळ्यात दोऱ्याचं रीळ अडकवलेलं. माझ्यासमोर उभी राहून तिनं मान तिरकी केली, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "नाक अवघड हाय तुझं. बाकी सगळं सोपं." मी नवी नवरी. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गोड बोल, असं आईनं बजावून पाठवलेलं. आता यावर काय गोड बोलणार, कपाळ! आमचे हे मागे उभे राहून फिदीफिदी हसत होते. पुढे कळलं, की ती मनातल्या मनात माझी बाहुली करत होती.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. मला ते शहर आठवतं ते कायम सकाळच्या धुक्यात. जूनमध्येसुद्धा शाल लागायची. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, आमच्या गल्लीत जाग यायची ती शिलाई मशीनच्या आवाजानं, मग कुठून तरी चाफ्याचा वास यायचा, मग फुलवालीची हाक. मी अर्धवट झोपेत असायची आणि मला वाटायचं, अजून माहेरीच आहे. मग शेजारून तुळजक्काचा आवाज यायचा, "ए, डोळे नीट उघड बगू!" ती मुलाला उठवत नसायची. बाहुलीशी बोलत असायची.

तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर कपडे शिवायला आला आणि इथलाच झाला, असं तिचे यजमान नारायणअण्णा सांगायचे. पुढे त्यांचं शिंपीकामाचं दुकान, मागे घर, आणि त्या घराच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाडकरू. घरात सगळे मराठीच बोलायचे, पण त्यात कानडी अशी मुरलेली, की वेगळी काढता येऊ नये. 'सरी' म्हटल्याशिवाय होकार नाही आणि 'अय्यो' म्हटल्याशिवाय दुःख नाही. मला वाटायचं, ही माणसं चुकीचं मराठी बोलतात. तुळजक्काला वाटायचं, मीच चुकीचं बोलते. "तू अशी पुस्तक वाचल्यासारखी का बोलतीस गं?" ती विचारायची, आणि मला 'सातारक्का' म्हणायची. बघता बघता सबंध गल्लीच मला सातारक्का म्हणू लागली. माझं खरं नाव तिथं कुणाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

दसऱ्यात तिकडे घरोघरी बाहुल्या मांडतात. उतरत्या पायऱ्या करायच्या, त्यावर पांढरं धोतर पसरायचं, सगळ्यांत वर लग्नात माहेरून आलेली लाकडी राजाराणीची जोडी, आणि खाली मग ज्याची त्याची हौस. याला गोंबे म्हणायचं. बायका एकमेकींकडे गोंबे बघायला जातात, हळदीकुंकू घेतात. पोरं बाहुल्यांसमोर गाणं म्हणतात आणि हरभऱ्याची उसळ खाऊन पुढच्या घरी पळतात. इतरांकडच्या बाहुल्या विकतच्या. तुळजक्काकडच्या सगळ्या तिच्या हातच्या, मातीचं डोकं आणि चिंध्यांचं अंग. चिंध्या दुकानातल्याच, त्यामुळे बाहुल्यांचे कपडे गल्लीतल्याच माणसांच्या कपड्यांचे. एखादी बाई यायची आणि किंचाळायची, "अय्यो, हे तर माझ्या पोलक्याचं कापड!" की तुळजक्काला स्वर्ग दोन बोटं उरायचा. एका वर्षी तिनं भाजीबाजार मांडला, एका वर्षी लग्नाची पंगत. पंगतीत वाढप्याच्या मागे नाक वर करून उभी असलेली एक बाई होती. ती कोण, ते मी विचारलं नाही.

नियम एकच आणि तो कडक. एकदा मांडलं की दशमीपर्यंत एकाही बाहुलीला हात लावायचा नाही. दशमीच्या संध्याकाळी राजाराणीला आडवं करून निजवायचं, मगच आवराआवर. भाजीबाजाराच्या वर्षी मांजरानं एक हमाल आडवा पाडला. मी उचलायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बसवलेलं हलवायचं न्हाई."

"अगं, पण पडलाय तो!"

"असू दे की. प्यालाय म्हणून सांगू."

आणि दशमीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक बाईला ती गंभीर चेहऱ्यानं सांगत होती, "ह्यानं आज स्वल्प जास्त घेतलीय."

मातीसाठी ती शहराबाहेर बेळ्ळंदूर गावी जायची. तिची मावशी होती तिथं. एकदा मला घेऊन गेली. तळ्याच्या बांधावर बगळे उभे होते, पलीकडे भाताची खाचरं, आणि पाणी इतकं स्तब्ध, की आभाळ खाली की वर ते कळेना. तुळजक्का पदर खोचून गुडघाभर चिखलात उतरली. तिच्या मागे तिचा मुलगा मधू, बारा वर्षांचा, हातात टोपली. दोघं मायलेक काही बोलत नव्हते. ती मातीचा गोळा काढायची, बोटांनी चुरायची, त्याच्याकडे द्यायची. तो चुरायचा, मान हलवायचा. कधी नको म्हणायचा, की ती मुकाट्यानं टाकून द्यायची. मी बांधावर बसून चिंचा खात होते आणि मला वाटत होतं, दुपार अशीच राहावी, कुणी उठा म्हणू नये. अजूनही कधी झोप लागत नसेल तर मी मनानं त्या बांधावर जाऊन बसते.

त्या बाहुल्यांचे डोळे मधू काढायचा. चेहरा आईचा, डोळे मुलाचे. बारीक कुंचल्यानं तो दोन ठिपके असे द्यायचा, की मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागायचा. आणि हेच त्याला नडलं.

एक दिवस शाळेत त्याच्या खिशातून बाहुलीचा मातीचा हात पडला. झालं! वर्गातली पोरं त्याला 'गोंबे' म्हणू लागली. नुसतं म्हणून भागेना, तेव्हा त्यांनी खेळ काढला. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या चिंचेखाली एक दगड होता, त्यावर मधूला उभं करायचं. गोंबे हलत नाहीत, तेव्हा त्यानंही हलायचं नाही. बाकीच्यांनी गोल करून खडे मारायचे. हलला की गुद्दे. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. घरात तो एक अक्षर बोलला नाही. तेल लावून न्हाऊ घालताना तुळजक्काला त्याच्या नडग्यांवर निळे डाग दिसले, तर म्हणाला, पडलो.

तिला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ते तिनं मला नंतर सांगितलं. मधू परसात उन्हाला बसला होता. त्याच्या गालावर माशी बसली. गालावरून नाकावर गेली, नाकावरून ओठावर. त्यानं हाकलली नाही. तो हललाच नाही. "सातारक्का, माझं पोर माशी हाकलत न्हाई गं," ती म्हणाली. मग त्याला मांडीवर घेतलं, एवढ्या मोठ्या मुलाला, आणि सगळं बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. नारायणअण्णांना तिनं नेलं नाही, कारण ते हेडमास्तरांचे कोट शिवायचे आणि ज्याचं माप घ्यायला वाकतो त्याच्याशी ताठ बोलता येत नाही, असं तिचं म्हणणं. हेडमास्तर वाईट माणूस मुळीच नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं! काळा बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, बोलणं मऊ साजूक. आम्हांला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली. सगळं ऐकून घेतलं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणायचे, "नोडोण." म्हणजे, बघू या.

"आट अम्मा, आट," ते म्हणाले. "मुलांचे खेळ असतात."

"खेळ हाय, तर मग पाळी का बदलत न्हाई, मेष्ट्रे?" तुळजक्कानं विचारलं. "रोज माझाच पोर दगडावर का?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. पोरांचा म्होरक्या गोपी. त्याच्या वडिलांनी शाळेला नवी खोली बांधून दिली होती, आणि आम्ही बसलो होतो तिच्या पुढ्यातच. "नोडोण," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "पण मुलानंही थोडं धीट व्हायला पाहिजे ना? आणि बाहुल्या वगैरे... मुलगा आहे तो. तुम्हीच विचार करा."

मी तिथंच दोन शब्द सुनावणार होते. सातारचं पाणी आहे, गप्प बसवत नाही. पण तुळजक्का उठली, नमस्कार केला आणि बाहेर पडली. रस्त्यात म्हणाली, "मी तिथं बसले होते तोवर मेष्ट्रांची नजर टेबलावरून वर उठली न्हाई बग."

त्यांनी काहीच केलं नाही असं नाही हं. सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, की मुलांनो, प्रेमानं राहा. मधल्या सुट्टीत पोरांनी मधूला दगडावर चढवलं आणि खडा उचलून गोपी म्हणाला, "प्रेमानं मारतो हं." आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कॉफी नव्हती. शिपायानं बाकावर बसवून ठेवलं, मग हेडमास्तर घाईघाईनं बाहेर आले आणि म्हणाले, मी बोललोय की, अजून काय करू, थोडा वेळ द्या, नोडोण.

त्यानंतर मधू शाळेत गेला नाही. सकाळी दप्तर घेऊन उंबऱ्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. नारायणअण्णा साधा माणूस. ते म्हणाले, "सरी, जाऊ दे शाळा. बसू दे मशीनवर. आपल्यात कोण शिकलंय एवढं?" तुळजक्काला तेच नको होतं. या मुलानं एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, व्हावं, घराण्यातला पहिला, हे तिनं कधीचं मनात धरलेलं. पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. "मशीनवर बसला तर बसू दे," ती म्हणाली. "पण आपल्या मनानं चालत जाऊन बसू दे. पळून येऊन न्हाई. आज शाळेतनं पळाला, उद्या दुकानातनं पळंल. मग कुठवर?" मधू ऐकत होता. त्यानं कुंचलाही सोडला होता. त्या वर्षीची माती कोपऱ्यात वाळून चालली होती.

आणि दसरा आला. शाळेला सुट्टी लागली. तुळजक्कानं पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. आत काय चाललंय ते कुणाला सांगेना. फक्त एकदा मला हाक मारली, चिंचेची बारीक फांदी आणायला. पहिल्या माळेला दार उघडलं, आणि मी बघतच राहिले.

वर राजाराणी नेहमीसारखी. पण खाली सगळी एकच मांडणी. शाळा. मागे चिंचेचं झाड, नाचणी पेरून उगवलेलं हिरवंगार गवत, गवतात एक दगड. दगडाभोवती गोल करून मुलं, कुणाच्या हातात खडे, कुणी हसतंय. प्रत्येकाच्या अंगात त्याच्या त्याच्या खऱ्या शर्टाचं कापड, कारण ते सगळे शर्ट नारायणअण्णांनीच शिवलेले. डोळे तिनं स्वतः काढले होते, जरा वाकडेच. आणि एका बाजूला काळा कोट, पांढरा रुमाल. या सगळ्यांकडे पाठ करून, नाक भिंतीला लावून, हेडमास्तर.

मी वाकून भिंतीकडून बघितलं. त्या चेहऱ्याला डोळेच नव्हते.

"त्यांना कशाला?" तुळजक्का म्हणाली. "ते बगतायत कुठं?"

"आणि दगड रिकामा का?"

"मधूला विचारलं मी. म्हणाला, कर, पण मला तिथं ठेवू नको." तिनं वाती वळता वळता सांगितलं. "बरोबर हाय त्याचं. त्याला लोकांनी का म्हणून बगायचं? त्यानं काय केलंय?"

बायका येऊ लागल्या. तुळजक्का कुणाला काही सांगत नव्हती. कुंकू लावायची, पानसुपारी द्यायची. बायका आधी कौतुकानं बघायच्या, अय्यो, शाळा केलीय, किती छान. मग एकेकीची नजर आपापल्या कापडावर जायची. "दगडावर कुणी नाही?" कुणी तरी हळूच विचारायची. "तो घरात हाय, आत," तुळजक्का म्हणायची, आणि उसळ पुढे करायची. गोपीची आई आली, भरजरी रेशमी लुगडं नेसून. तिला काय समजायचं ते समजलं. "पोरं म्हटल्यावर मस्ती करणारच," असं हवेत बोलली आणि उसळ न खाता गेली.

पण एक घोटाळा झाला होता. सगळ्यांत पुढे, हात उगारलेला जो बाहुला होता, तो गोपी. त्याला निळ्या रेघांचं कापड. दुसऱ्या दिवशी सरोजम्मा नावाची गरीब स्वभावाची बाई आली, त्या बाहुल्याकडे बघितलं आणि जागच्या जागी रडायला लागली. एकाच ठाणातून नारायणअण्णांनी दोन शर्ट कापले होते, एक गोपीचा, एक तिच्या सीनूचा. तुळजक्का कपाळाला हात लावून तिच्या मागे धावली, "तुमचा न्हाई हो! चुकलं माझं!" पण सरोजम्मा तोंडाला पदर लावून केव्हाच गल्लीबाहेर गेली होती.

आता करायचं काय? मी म्हटलं, बाहुला काढून टाक. तुळजक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवीचा मुकुट काढ म्हटलं होतं. बसवलेलं हलवायचं नाही! मग उरला एकच उपाय. कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं जिनं ठरवलं होतं, तिला आता येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगणं आलं, "हा निळ्या रेघांचा सीनू नव्हे हो, हा गोपी. सीनूला दोष देऊ नका." एका पोराची अब्रू राखायला दुसऱ्याचं नाव पेटेभर झालं. आमच्या ह्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, वकील व्हायला हवी होती बाई. मी म्हटलं, वकील मुद्दाम करतात, हिची खरोखर चूक झालीय.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरोजम्मा परत आली. सीनूचा हात धरून. खोली बायकांनी भरलेली, आणि त्यात हेडमास्तरांची बायको, कुंकू लावून घेत असलेली. "सांग," सरोजम्मा त्याला म्हणाली, "हा तू आहेस का?"

सीनू बारीक चणीचा, मोठ्या कानांचा मुलगा. तो गोंब्यांसमोर उभा राहिला. सवयीनं सगळ्यांना वाटलं, आता गाणं म्हणेल.

"हा मी नाही," तो म्हणाला. "हा गोपी." मग त्यानं बोट पुढे केलं, झाडाकडे. "मी तिथं असतो. झाडामागे. मी मारत नाही. बघत असतो." त्याला हुंदका आला. "एकदा मधूनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. कोण चढवायचं, कोण धरायचं, गुद्दे कुणाचे. आणि एकदा मास्तर व्हरांड्यातून चालले होते, त्यांनी बघितलं आणि ते आत वळले, हेसुद्धा. कुठले मास्तर, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्या काळ्या कोटाकडे गेल्या. हेडमास्तरांच्या बायकोनं हातातला नारळ खाली ठेवला, तुळजक्काचा हात घट्ट धरला आणि निघून गेली.

तुळजक्का सीनूजवळ बसली. मला वाटलं, आता रागावेल. तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "उसळ खातोस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेडमास्तर आले. पुरुष सहसा गोंबे बघायला येत नाहीत. ते चपला काढून आत आले आणि स्वतःच्या पाठीसमोर उभे राहिले. खूप वेळ. बाहेर उजेड पिवळा होत होता, मशीन थांबलं होतं, नारायणअण्णा दाराशी मापाची पट्टी हातात धरून ताटकळत उभे. मला मनापासून सांगायचं तर त्या माणसाची दया आली.

"अम्मा," ते म्हणाले, "एवढं एक वळवता येईल का?"

"हलवायचं न्हाई, मेष्ट्रे. शास्त्र हाय."

"दशमीपर्यंत?"

"दशमीपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मधू कुठे आहे?" मुलाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते परसात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, आता बघत होते तर होते, त्यात काय! ते पायरीवर मुलाच्या शेजारी बसले, कोटाला माती लागेल याची पर्वा न करता. त्यांनी विचारलं, आणि मग ऐकलं. मधू खाली बघून बोलत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ. त्यात एकदाही 'नोडोण' आलं नाही.

सुट्टी संपली, तेव्हा चिंचेखालचा दगड जागेवर नव्हता. रोज मधल्या सुट्टीत हेडमास्तर छत्री घेऊन त्या झाडाखाली उभे राहायचे, ऊन असो नसो. गोपीच्या वडिलांना बोलावून त्यांनी त्या नव्या खोलीतच बसवलं आणि मुलाला दाराशी उभं करून सगळं वदवून घेतलं. वडील म्हणे तणतणत गेले. ही बातमी मला सरोजम्मानं दिली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते काय सांगू!

मधू मात्र लगेच गेला नाही. दोन दिवस उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. तुळजक्का ढकलत नव्हती, समजावत नव्हती. माझाच जीव वरखाली. मी म्हटलं, अगं, सोडून ये त्याला शाळेपर्यंत. ती म्हणाली, "मी सोडलं तर मी गेले. तो कुठं गेला?" मग एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी सीनू येऊन उभा राहिला. हाक मारली नाही, नुसता उभा. मधू उंबरा उतरला आणि चालू लागला. धुक्यात दोघं दिसेनासे झाले. तुळजक्का दारात ताठ उभी होती. मग आत गेली, चुलीसमोर बसली आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "जा गं, तुझं नाक बगून अजूनच रडू येतं."

पुढची वर्षं कशी गेली ते मला वेगवेगळं आठवत नाही. सगळी मिळून एकच लांब सकाळ होती, असं वाटतं. माझी मुलं तिच्याच ओटीवर रांगली. मधूला मिसरूड फुटलं, तो हायस्कुलात वरच्या वर्गात गेला. आणि आमच्या ह्यांची हुबळीला बदली झाली.

निघायच्या दिवशी दुपारी मी ओटी भरून घ्यायला तुळजक्काकडे गेले. मला वाटलं होतं, ती रडेल, मी रडेन. पण तिचं लक्षच नव्हतं. ओटीत तांदूळ घालताना अर्धे खाली सांडले. तोंड लाल झालेलं.

"काय झालं, अक्का?"

"मधू," ती म्हणाली.

शाळेत एक नवा मुलगा आला होता, कोलारकडून. पायानं अधू. चार पोरं त्याच्या चालीची नक्कल करायची. आणि सगळ्यांत हुबेहूब नक्कल मधूची. त्याला नजरच होती ना तशी! आदल्या दिवशी तो घरात धाकट्या चुलतभावाला ती चाल करून दाखवत होता, आणि दोघं पोट धरून हसत होते. तुळजक्का दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "ही कुणाची चाल रे?" तो हसत हसत सांगून गेला.

मी म्हटलं, "अगं, पोरवय आहे. खेळात—" आणि जीभ चावली.

"मी जाते त्या पोराच्या आईकडे," ती म्हणाली. "त्याला घेऊन."

"ती काही तक्रार घेऊन आली का?"

"यायच्या आत जाते. मी शाळेत दोनदा गेले, ठाऊक हाय न्हवं तुला? त्या बाकावर काय वाटतं ते मला ठाऊक हाय. तिला कशाला बसू देऊ तिथं?"

"पण अक्का, तिला कदाचित माहीतही नसेल."

तुळजक्कानं माझ्याकडे बघितलं. "तिला माहीत नसंल? तिचं पोर रोज घरी येतंय की गं."

माझ्या गालावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "जा सुखानं," म्हणाली. एवढाच आमचा निरोप.

आमचा जटका सामान लादून निघाला. पुढच्या रस्त्याला वळलो, तर एक लाकडाची गाडी आडवी आलेली, घोडा थांबला. समोर तुळजक्का चालली होती. उन्हात, अनवाणी पाय भाजत असतील, चपला घालायचंही भान नव्हतं. मागे मधू, आईपेक्षा हातभर उंच, मान खाली. तिनं त्याचा हात धरला नव्हता. एकदाही मागे वळून बघत नव्हती, येतोय की नाही म्हणून. तो येत होता.

कोपऱ्यावरच्या एका घरासमोर ती थांबली. मला वाटलं, आता आपण पुढे होईल आणि त्याला पाठीशी घालेल, आई ती आईच. पण ती बाजूला सरकली. दार उघडलं की समोर मधूच दिसेल अशी. मग कडी वाजवून तिनं हाक दिली, "अक्का, इदीरा? घरात हाय का कुणी? मी मधूची आई."

आत हालचाल झाली. कुणाला तरी दारापर्यंत यायला फार वेळ लागत होता. जटकेवाल्यानं लगाम ओढला, तरी मी त्याला थांब म्हटलं.

दार त्या मुलानंच उघडलं.